डाव कधी थांबवावा: लोणंदवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील एका क्रिकेटवादाचा पूर्वेतिहास

कसोटी क्रिकेटमध्ये फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कर्णधाराला, आपले दहाही गडी बाद होण्याची वाट न पाहता, डाव येथेच संपला असे जाहीर करण्याचा अधिकार असतो. यालाच वृत्तपत्री मराठीत डाव घोषित करणे म्हणतात आणि बोलताना नुसते ‘डिक्लेअर केले’ एवढे म्हटले तरी ते सर्वांना कळते. नियमपुस्तकात या अधिकाराला फारशा अटी नाहीत. तो केवळ फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराचा आहे, चेंडू खेळात नसताना तो केव्हाही वापरता येतो, आणि एकदा वापरला की मागे घेता येत नाही. समोरच्या संघाची, पंचांची किंवा खुद्द खेळपट्टीवर उभ्या असलेल्या फलंदाजाची संमती त्यासाठी लागत नाही. एवढा मोठा अधिकार एकाच माणसाच्या हाती एकवटलेला असल्यामुळे तो वापरला गेला की त्याची चिकित्सा हजारो माणसे करतात, आणि ही चिकित्सा सामना संपल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहते.

सातारा जिल्ह्यातील लोणंद या गावाच्या संदर्भात हा विषय मांडण्यास भौगोलिक कारण आहे. खंडाळा तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव पुणे–मिरज रेल्वेमार्गावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मीटरगेजच्या रूपाने सुरू झालेला आणि १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झालेला हा मार्ग एका टोकाला पुण्याच्या क्रिकेट मैदानांना आणि दुसऱ्या टोकाला सांगली, मिरज व कोल्हापूर या खेळाडू घडवणाऱ्या गावांना जोडतो. विजय हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगलीत झाला, भाऊसाहेब निंबाळकर १९१९ साली आणि दत्तू फडकर १९२५ साली कोल्हापुरात जन्मले, तर आजच्या काळातील स्मृती मानधना सांगलीत वाढली. या चौघांच्या कारकिर्दी एकापुढे एक ठेवल्या, तर डाव घोषित करण्याच्या प्रश्नाची जवळजवळ प्रत्येक बाजू त्यांतून उलगडते. ज्याच्या विरुद्ध डाव घोषित झाला तो फलंदाज, ज्याने स्वतः कर्णधार म्हणून डाव घोषित केला तो, ज्याची खेळी प्रतिपक्षानेच तोडून टाकली तो, आणि जिने शतक केलेल्या सामन्यात तीन डाव घोषित झाले ती, असे सारे या एकाच पट्ट्यातले आहेत. इंग्लंडमध्ये हा नियम वेळेच्या हिशेबातून जन्मला; या पट्ट्यातील क्रिकेटप्रेमींनी मात्र त्याला न्यायाच्या प्रश्नाचे रूप दिले, आणि त्याचे मूळ १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात घडलेल्या एका प्रसंगात आहे, असे म्हणण्यास भरपूर आधार आहे.

‘डाव’ हा शब्दच मुळात क्रिकेटचा नाही. कुस्तीत डाव असतो, पत्त्यांत डाव असतो, आणि सातारा–सांगली भागात शाळाशाळांतून रुजलेल्या खो-खोतही डाव असतो. खो-खोची तुलना येथे विशेष उपयोगाची आहे, कारण त्या खेळात आक्रमण करणाऱ्या संघाला, म्हणजे पाठलाग करून गडी बाद करणाऱ्या संघाला, आपली पाळी ठरलेल्या मुदतीपूर्वी संपवण्याची मुभा असते, तसेच मोठी आघाडी घेतलेल्या संघाला प्रतिस्पर्ध्यावर फॉलोऑन लादता येतो. निकालाची बातमीही ‘एक डाव राखून विजय’ अशाच शब्दांत येते. पुरेसे मिळवल्यावर आणखी मिळवण्याचा मोह आवरून हातातील वेळ वाचवणे ही कल्पना त्यामुळे या भागातील प्रेक्षकाला क्रिकेटने शिकवावी लागली नाही. शाळेच्या मैदानावर तो ती आधीच पाहत होता, आणि कसोटीच्या धावफलकासमोर बसल्यावर त्याने तिची फक्त मोठ्या प्रमाणावर मांडणी केली.

क्रिकेटमध्ये मात्र हा अधिकार फार उशिरा आला. एकोणिसाव्या शतकाच्या बहुतांश काळात डाव घोषित करण्याची सोयच नव्हती. त्यामुळे भरपूर धावा झालेल्या संघाला प्रतिस्पर्ध्यास बाद करण्यासाठी वेळ हवा असेल, तर त्याच्या फलंदाजांना मुद्दाम यष्ट्यांवर बॅट मारून किंवा क्रीज सोडून स्वतःला बाद करून घ्यावे लागे, आणि गोलंदाजी करणारा संघही ते ओळखून त्यांना बाद करण्याचे टाळे. हा प्रकार खेळाला शोभणारा नव्हता. १८८९ मध्ये नियमात बदल होऊन सामन्याच्या अखेरच्या दिवशी डाव घोषित करण्यास परवानगी मिळाली, आणि १८९० मध्ये नॉटिंगहॅमशायरचा कर्णधार चार्ल्स राइट याने केंटविरुद्ध हा अधिकार प्रथम वापरला. कसोटी सामन्यात तो प्रथम वापरला गेला तो १८९३ मध्ये लॉर्ड्सवर, इंग्लंडचा कर्णधार स्टॉडर्ट याच्याकडून. १९०० मध्ये दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या सुट्टीपासून डाव घोषित करता येऊ लागला, आणि पुढे टप्प्याटप्प्याने उरलेली बंधनेही गेली. त्याच १९०० च्या सुधारणेने फॉलोऑन, म्हणजे मोठ्या पिछाडीवर पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीस लावणे, ही सक्तीची बाब न राहता आघाडी घेतलेल्या कर्णधाराच्या मर्जीवर सोपवण्यात आली. अशा रीतीने वेळेचे व्यवस्थापन करणारे दोन्ही निर्णय कर्णधाराच्या हाती आले.

या निर्णयाचा हिशेब वरवर सोपा असतो. पाच दिवसांच्या कसोटीत दिवसाला साधारणपणे नव्वद षटके होतात. पुढे असलेल्या कर्णधाराने किती धावांचे लक्ष्य द्यायचे आणि दहा गडी बाद करण्यासाठी स्वतःकडे किती षटके ठेवायची, एवढेच त्याला ठरवायचे असते. परंतु या दोन राशी एकमेकींच्या विरुद्ध दिशेने चालतात. लक्ष्य सुरक्षित करायला जावे तर षटके संपतात, आणि षटके राखावीत तर लक्ष्य आवाक्यात येते. शिवाय खेळपट्टी पाचव्या दिवशी किती फुटेल, नवा चेंडू ऐंशी षटकांनंतर नेमका केव्हा मिळेल, आकाशात ढग किती आहेत, या गोष्टी कोणत्याही आकडेमोडीत पुरत्या बसत नाहीत. लोणंदच्या बाजारात कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याला ही कोंडी नवी नाही. माल आज काढावा तर भाव उद्या चढेल ही हुरहुर, आणि चाळीत राखून ठेवावा तर तो सडेल किंवा आवक वाढून भाव कोसळेल ही धास्ती, अशा दोन्हींच्या मध्ये त्याला एक दिवस निवडावा लागतो, आणि तो दिवस बरोबर होता की चूक, हे त्याला नंतरच कळते. बाजाराच्या गावातील माणसे कर्णधाराच्या निर्णयावर एवढ्या आत्मविश्वासाने बोलतात, त्यामागे हा रोजचा अनुभव असावा.

दक्षिण महाराष्ट्राच्या क्रिकेटइतिहासात डाव घोषित होण्याचा पहिला मोठा धडा विजय हजारे यांच्या वाट्याला आला, आणि तो पराभूत बाजूने. डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेत, म्हणजे धर्मवार पाडलेल्या पाच संघांच्या त्या काळच्या स्पर्धेत, हिंदू संघाने ‘इतर’ संघाविरुद्ध ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. मराठी ख्रिस्ती कुटुंबातील हजारे ‘इतर’ संघाकडून खेळत होते. त्यांचा संघ पहिल्या डावात १३३ धावांत आटोपला आणि फॉलोऑननंतर ३८७ पर्यंत पोहोचला, पण त्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या हजारे यांच्या होत्या. सहाव्या जोडीला त्यांनी आपले भाऊ विवेक यांच्याबरोबर ३०० धावा जोडल्या, त्यांत विवेक यांचा वाटा फक्त २१ धावांचा होता. हिंदू संघ एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. डाव घोषित करणाऱ्या संघाचा विजय झाला, आणि तरी लोकांच्या आठवणीत राहिली ती हरलेल्या बाजूची खेळी. धावफलक आणि स्मृती यांच्यातील ही फारकत पुढच्या साऱ्या वादात पुन्हा पुन्हा दिसते.

आठ वर्षांनी तेच हजारे भारताचे कर्णधार झाले. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडला २०३ धावांत गुंडाळल्यावर भारताने ६ बाद ४१८ वर डाव घोषित केला. मर्चंट यांनी १५४ आणि हजारे यांनी नाबाद १६४ धावा केल्या. आघाडी २१५ धावांची होती, मात्र दुसऱ्या डावात इंग्लंडच्या ॲलन वॉटकिन्सने नाबाद १३७ धावांसाठी खेळपट्टीवर असा ठिय्या दिला की इंग्लंडने ६ बाद ३६८ धावा करून सामना वाचवला. भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. त्यामुळे डाव दोन तास आधी थांबवला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्या धावफलकातूनच उभा राहतो. त्याचे उत्तर पुढच्या फेब्रुवारीत मद्रासला मिळाले. पंकज रॉय यांच्या १११ आणि पॉली उम्रीगर यांच्या नाबाद १३० धावांच्या जोरावर भारताने ९ बाद ४५७ वर डाव घोषित केला, विनू मंकड यांनी सामन्यात बारा बळी घेतले, आणि भारत एक डाव व ८ धावांनी जिंकला. १९३२ पासून सुरू झालेल्या प्रवासातील पंचविसाव्या सामन्यात मिळालेला हा पहिलाच कसोटी विजय होता. अखेरच्या जोडीला आणखी काही धावांसाठी खेळू द्यावे हा मोह टाळून सांगलीत जन्मलेल्या कर्णधाराने तो डाव घोषित केला, ही गोष्ट या भागाच्या इतिहासात जितक्या अभिमानाने सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

तिच्याऐवजी आठवली जाते ती १९४८ ची गोष्ट. १६ ते १८ डिसेंबर १९४८ या दिवसांत पुण्यात महाराष्ट्र आणि काठियावाड यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला. काठियावाडचा डाव २३८ धावांत संपला. महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या जोडीला ४५५ धावा जोडल्या; भांडारकर २०५ धावांवर बाद झाले, निंबाळकर मात्र खेळतच राहिले. ४९४ मिनिटांत, ४९ चौकार आणि एका षटकारासह ते ४४३ धावांवर पोहोचले, तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील, म्हणजे अनेक दिवसांच्या अधिकृत वरिष्ठ सामन्यांमधील, सर्वोच्च वैयक्तिक खेळी तेव्हा डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर होती. जानेवारी १९३० मध्ये सिडनीत त्यांनी नाबाद ४५२ धावा केल्या होत्या. निंबाळकर त्यांच्यापेक्षा नऊ धावांनी मागे होते. तिसऱ्या दिवसाच्या विश्रांतीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी महाराष्ट्राने डाव घोषित करावा, अन्यथा आपला संघ परत जाईल, अशी भूमिका घेतली. महाराष्ट्राने डाव घोषित केला नाही. काठियावाडने सामना सोडून दिला आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले.

या प्रसंगाचे नियमांच्या दृष्टीने असलेले वैशिष्ट्य नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. डाव केव्हा थांबवायचा हे ठरवण्याचा अधिकार क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला कोणत्याही काळी नव्हता आणि आजही नाही. त्याच्या हाती असतो तो फक्त सामनाच सोडून देण्याचा मार्ग. काठियावाडने तोच मार्ग वापरला आणि त्याचा परिणाम म्हणून प्रतिस्पर्ध्याचा डाव संपला, म्हणजे जो अधिकार एका कर्णधाराचा होता तो वस्तुतः दुसऱ्याने वापरला. काठियावाडची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. बाद फेरीच्या पद्धतीने खेळल्या जाणाऱ्या त्या स्पर्धेत सामना पूर्ण न झाल्यास पहिल्या डावातील आघाडी निर्णायक ठरत असे; महाराष्ट्राची आघाडी ५८८ धावांची झालेली होती, त्यामुळे पुढच्या एकाही धावेला निकालाच्या दृष्टीने अर्थ उरला नव्हता आणि अशा धावांसाठी उन्हात धावत राहणे कोणत्याही संघाला जाचक वाटले असते. तरीही उरलेले अंतर फक्त नऊ धावांचे होते, म्हणजे दोन-तीन षटकांचे. एका माणसाच्या आयुष्यातील एवढ्या दुर्मीळ क्षणासाठी तेवढा वेळ देणे प्रतिपक्षाच्या औदार्यात बसू शकले असते, आणि ते घडले नाही हे दुःख आजही कोल्हापूर–सांगली भागातील जुन्या क्रिकेटप्रेमींच्या बोलण्यातून जात नाही. ते दुःख योग्यच आहे. निंबाळकर यांना अधिकृत कसोटी एकदाही खेळायला मिळाली नाही. २०१२ च्या डिसेंबरात कोल्हापुरात त्यांचे निधन झाले, तेव्हाही प्रथम श्रेणीतील भारतीयाची सर्वोच्च खेळी त्यांचीच होती, आणि आजही ती त्यांचीच आहे.

जागतिक विक्रम मात्र हातून निसटला तो कायमचाच, कारण पुढे कराचीत हनीफ महंमद यांनी १९५९ मध्ये ४९९ आणि ब्रायन लारा यांनी इंग्लंडमध्ये १९९४ साली नाबाद ५०१ धावा केल्या. निंबाळकर यांच्या गोष्टीशेजारी ठेवण्याजोगी दोन उदाहरणे क्रिकेटच्या इतिहासात आहेत. १९९८ मध्ये पेशावरला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मार्क टेलर नाबाद ३३४ धावांवर होता. ब्रॅडमन यांच्या कसोटीतील सर्वोच्च धावसंख्येशी बरोबरी झालेली असताना त्याने दुसऱ्या दिवशीच्या खेळानंतर डाव घोषित केला. जुलै २०२५ मध्ये बुलावायोला दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार वियान मुल्डर नाबाद ३६७ वर असताना, लाराचा ४०० धावांचा कसोटी विक्रम जवळ आलेला असूनही, त्याने जेवणाच्या वेळेला डाव घोषित केला. या दोघांनी विक्रम स्वतःच्या मर्जीने सोडला. त्यागाला अर्थ येतो तो निवड स्वतःची असेल तरच, आणि निंबाळकर यांना ती निवडच करू दिली गेली नाही, हा फरक मराठी वाचकाला न सांगता समजतो.

त्याच हंगामात, तीनच महिन्यांनी, पुण्यात महाराष्ट्राला या प्रश्नाचे दुसरे टोक पाहावे लागले. मार्च १९४९ मध्ये मुंबईविरुद्धचा रणजी करंडकाचा उपान्त्य सामना सात दिवस चालला. मुंबईने ६५१, महाराष्ट्राने ४०७, मुंबईने पुन्हा ८ बाद ७१४ वर डाव घोषित आणि महाराष्ट्राने ६०४, अशा एकूण २,३७६ धावा त्यात झाल्या. माधव मंत्री यांनी २०० धावा केल्या, कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनी मुंबईकडून दोन्ही डावांत शतके झळकावली, आणि महाराष्ट्राच्या मधुसूदन रेगे यांनीही दोन्ही डावांत शतके केली. मुंबईने दिलेले लक्ष्य ९५९ धावांचे होते. सातशे धावांच्या पलीकडे गेलेला दुसरा डाव लक्ष्याच्या दृष्टीने कितीतरी आधी थांबवता आला असता. पण ज्या सामन्यात वेळ अपुरा पडण्याची भीती कर्णधाराला नसते, तेथे डाव घोषित करण्यामागची प्रेरणाच क्षीण होते. महाराष्ट्राने चौथ्या डावात ६०४ धावा करूनही ३५४ धावांनी पराभव पत्करला. वेळेची मर्यादा हाच डाव घोषित करण्याच्या कलेचा प्राण आहे, हे दाखवणारे याहून नेमके उदाहरण भारतीय क्रिकेटमध्ये सापडणे कठीण.

स्वातंत्र्योत्तर काळात हा वाद मैदानाबाहेर पसरला तो वृत्तपत्रे आणि आकाशवाणी यांच्यामुळे. पुण्याची वृत्तपत्रे रेल्वेमार्गावरील गावांत पोहोचत होती, सांगलीला १९६३ मध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झाले, आणि बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी क्रिकेटच्या घडामोडी मराठी वाक्यांत बांधून दाखवल्या. धावत्या समालोचनाने श्रोत्याला चित्रापेक्षा हिशेब अधिक दिला. किती षटके उरली, किती धावा हव्यात, गडी किती शिल्लक, हे आकडे ऐकणाऱ्याच्या मनात सतत हलत राहत, आणि त्यामुळे मैदान कधीही न पाहिलेला माणूसही डाव केव्हा घोषित व्हावा याबद्दल ठाम मत बाळगू लागला.

एप्रिल १९७६ चा पोर्ट ऑफ स्पेनचा सामना या श्रोत्यांसाठी मोठी शिदोरी ठरला. वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड याने दुसरा डाव ६ बाद २७१ वर घोषित करून भारताला ४०३ धावांचे लक्ष्य दिले. कसोटीत चौथ्या डावात चारशेहून अधिक धावा करून जिंकण्याचा प्रकार तोवर एकदाच घडला होता, १९४८ मध्ये लीड्सला. तेव्हा इंग्लंडचा कर्णधार यार्डली याने शेवटच्या सकाळी डाव घोषित केल्यावर ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाने ३ बाद ४०४ धावा केल्या होत्या. लॉइडची आकडेमोड म्हणून अविचारी नव्हती. पण सुनील गावस्कर यांनी १०२, गुंडप्पा विश्वनाथ यांनी ११२ आणि मोहिंदर अमरनाथ यांनी ८५ धावा केल्या, आणि भारत ४ बाद ४०६ करून जिंकला. तीन फिरकी गोलंदाजांना शेवटच्या दिवशी गडी बाद करता न आल्याने लॉइडने पुढे वेगवान गोलंदाजांवरच भिस्त ठेवली, आणि वेस्ट इंडीजची जी चार वेगवान गोलंदाजांची फळी पुढची दीड दशके साऱ्या जगाला जड गेली, तिच्या उभारणीत या एका फसलेल्या घोषणेचा वाटा मानला जातो. लगेचच्या किंग्स्टन कसोटीत भारतीय फलंदाजांना त्याची झळ बसली. अंशुमन गायकवाड ८१ धावांवर जखमी होऊन परतले, आणखी दोन फलंदाज दुखावले, तेव्हा बिशनसिंग बेदी यांनी पहिला डाव ६ बाद ३०६ वर घोषित केला. ही घोषणा वेळ वाचवण्यासाठी नव्हती. गोलंदाजांना इजेपासून वाचवण्यासाठी आणि चालू असलेल्या गोलंदाजीचा निषेध म्हणून ती होती, आणि अशा कारणासाठी हा नियम वापरला जाईल याची कल्पना १८८९ मध्ये कोणी केली नसेल.

प्रेक्षकांचा रोष ओढवणारी दिरंगाईही याच काळात दिसली. १९८४-८५ च्या हंगामात कोलकात्याला इंग्लंडविरुद्ध भारताचा पहिला डाव चौथ्या दिवसापर्यंत लांबला आणि ७ बाद ४३७ वर घोषित झाला. रवी शास्त्री यांचे संथ शतक आणि कर्णधार गावस्कर यांचा निर्णय यांवर ईडन गार्डन्समधील प्रेक्षक उघडपणे संतापले. तेच शास्त्री अवघ्या काही दिवसांनी, १० जानेवारी १९८५ रोजी, वानखेडेवर बडोद्याविरुद्ध एका षटकात सहा षटकार मारून ११३ मिनिटांत दोनशे धावांपर्यंत पोहोचले. फलंदाज तोच होता; कर्णधाराला वेळ हवा आहे की नको, एवढाच फरक होता.

या साऱ्या पूर्वपीठिकेवर २००४ चे मुलतान उभे राहते. त्या वर्षाच्या जानेवारीत सिडनीला भारताने ७ बाद ७०५ वर डाव घोषित केला, २३१ धावांची आघाडी मिळूनही फॉलोऑन दिला नाही, आणि दुसरा डाव २ बाद २११ वर घोषित केला तेव्हा राहुल द्रविड ९१ वर नाबाद होते. ऑस्ट्रेलियाने ४४३ च्या लक्ष्यासमोर ६ बाद ३५७ धावा करून सामना अनिर्णित राखला. दुसरा डाव तासभर आधी थांबवला असता तर ऑस्ट्रेलियात मालिका जिंकता आली असती का, ही चर्चा ताजी असतानाच २९ मार्च २००४ रोजी मुलतानला, सौरव गांगुली दुखापतीमुळे बाहेर असल्याने कर्णधारपद सांभाळणाऱ्या द्रविड यांनी भारताचा डाव ५ बाद ६७५ वर घोषित केला. युवराज सिंग नुकताच बाद झाला होता आणि दुसऱ्या बाजूला सचिन तेंडुलकर १९४ धावांवर नाबाद होते. दिवसाचा खेळ संपण्यापूर्वी पाकिस्तानच्या सलामीवीरांना काही षटके खेळायला लावणे हा त्यामागचा हेतू, आणि तो संघाच्या हिताचा होता. भारत एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. पाकिस्तानच्या भूमीवरचा तो भारताचा पहिला कसोटी विजय होता.

महाराष्ट्रात या निर्णयावर जेवढे बोलले गेले तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या घोषणेवर बोलले गेले असेल, आणि त्याला कारणही तसेच होते: घोषणा करणारा इंदूरच्या मराठी कुटुंबात जन्मून बेंगळुरूत वाढलेला, आणि थांबवला गेलेला मुंबईचा. द्रविड यांच्या बाजूने बोलणारे सिडनीकडे बोट दाखवत, की तेथे उशीर भोवला म्हणूनच येथे घाई आवश्यक होती, आणि द्रविड यांनी सिडनीत स्वतःच्या शतकाची अपेक्षा केली नव्हती तर मुलतानला दुसऱ्याच्या द्विशतकाची का करावी. तेंडुलकर यांच्या बाजूने बोलणारे म्हणत, की सामना पाचव्या दिवशी सकाळी संपला, म्हणजे हाती वेळ होता, आणि सहा धावांसाठी एक षटक पुरले असते. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. मात्र दुसरी बाजू निकालानंतरच्या माहितीवर उभी आहे, आणि कर्णधाराला निर्णय घेताना ती माहिती नसते, हे निर्णयाची चिकित्सा करताना विसरता कामा नये. तेंडुलकर यांची खंत समजण्याजोगी असली, तरी मुलतानला जे घडले ते फलंदाजाच्या स्वतःच्या कर्णधाराने, स्वतःच्या अधिकारात आणि विजयासाठी केले. पुण्यात १९४८ साली तसे घडले नव्हते. या दोन प्रसंगांना एकाच मापाने मोजण्याची चूक वादात नेहमी होते. आणखी एक गोष्ट येथे नोंदवायला हवी. तेच द्रविड २००७ मध्ये ओव्हलला ३१९ धावांची आघाडी असताना फॉलोऑन न देता पुन्हा फलंदाजीला उतरले, कारण मालिकेत १-० अशी आघाडी होती आणि ती जपायची होती. इंग्लंडने ५०० च्या लक्ष्यासमोर ६ बाद ३६९ करून सामना वाचवला. मुलतानला धाडसी ठरलेला कर्णधार ओव्हलला बचावात्मक ठरला, पण दोन्ही ठिकाणी त्याने संघाचे हितच मोजले होते.

स्त्रियांच्या कसोटी क्रिकेटने या प्रश्नाला अलीकडे नवी धार दिली आहे. ते सामने सहसा चार दिवसांचे असल्यामुळे वेळ आधीच कमी असतो, आणि पावसाने त्यातला काही घेतला तर दोन्ही कर्णधारांनी धोका पत्करल्याशिवाय निकाल शक्यच राहत नाही. ३० सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर २०२१ या काळात ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्टला झालेल्या दिवस-रात्र कसोटीत स्मृती मानधनाने १२७ धावा केल्या आणि मिताली राजने भारताचा पहिला डाव ८ बाद ३७७ वर घोषित केला. त्यानंतर ऑस्ट्रेलियाची कर्णधार मेग लॅनिंग हिने असे पाऊल उचलले की जे फार थोडे कर्णधार उचलतात: तिने १३६ धावांनी मागे असतानाच आपला डाव ९ बाद २४१ वर घोषित केला, जेणेकरून सामन्यात पुन्हा प्राण यावा. भारताने वेगाने ३ बाद १३५ करून सामन्यातील तिसरी घोषणा केली आणि ऑस्ट्रेलियाला ३२ षटकांत २७२ धावांचे लक्ष्य दिले. ऑस्ट्रेलियाच्या २ बाद ३६ झाल्या असताना सामना अनिर्णित संपला. एकाच सामन्यात तीन घोषणा, त्यांपैकी एक पिछाडीवर असलेल्या संघाची, असा हा प्रकार अंकगणिताच्या दृष्टीने निष्फळ ठरला, पण नियमाचा मूळ हेतू, म्हणजे मिळालेल्या वेळेत निकालाची शक्यता जिवंत ठेवणे, दोन्ही कर्णधारांनी तो मनापासून पाळला.

डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईत हरमनप्रीत कौरने इंग्लंडविरुद्ध रात्रीतून विचार करून तिसऱ्या दिवशी सकाळी ६ बाद १८६ या धावसंख्येवरच दुसरा डाव घोषित केला, तेव्हा आघाडी ४७८ धावांची होती. इंग्लंड १३१ धावांत बाद झाले आणि भारत त्याच दिवशी ३४७ धावांनी जिंकला. पुढच्या जूनमध्ये चेन्नईला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शफाली वर्माच्या २०५ आणि मानधनाच्या १४९ धावांनंतर ६ बाद ६०३ वर डाव घोषित झाला, फॉलोऑन दिला गेला आणि भारताने दहा गडी राखून सामना जिंकला. सांगलीच्या मैदानांवर आज बॅट धरणाऱ्या मुलींना डाव घोषित करण्याचा अर्थ ज्या उदाहरणांतून कळतो, ती ही आहेत. निंबाळकरांच्या नऊ धावा त्यांच्या आजोबांच्या पिढीने जपल्या, आणि त्या मुली गोल्ड कोस्टची बत्तीस षटके मोजतात.